बारा ते चौदा

वेळ कुणाच्याही हातात नसते, असं गेलेल्या माणसाच्या पुण्यानुमोदनाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी म्हणतंच. मूल गावातल्या आमच्या गल्लीत मात्र ती बरीच वर्षं माझ्या हातात होती. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली, की लग्नाच्या तीन तासांच्या व्हिडिओतून हवी ती दोन मिनिटं निघत. -ss म्हणजे सुरुवात. पुढचं मी मराठीत पाठ करून ठेवलं होतं: -t म्हणजे 'तितका वेळ', -to म्हणजे 'तोपर्यंत'.

शेजारच्या बाईंचा नवरा राइस मिलच्या भुशात जन्मभर खोकला आणि गेला. माइक त्याने एकदाच हातात धरला होता, मुलीच्या लग्नात. बाई त्या लग्नाच्या व्हिडिओचा पेनड्राइव्ह घेऊन आल्या.

"भाऊ, याइचं बोलणं तेवढं काढून द्या. बारा ते चौदा. मंग साहेब बोलून राह्यले, थे नाई पाहिजे."

"काऊन?"

"थ्याइले तर रोजच आयकतो."

साहेब म्हणजे आमच्या वॉर्डाचे पुढारी.

टाइप करताना -to मधला o माझ्याकडून राहून गेला. बाराव्या मिनिटापासून 'तितका वेळ', म्हणजे चौदा मिनिटं निघाली. मी पहिली दोन पाहिली आणि समाधानाने फाइल बंद केली.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, प्रोजेक्टर लावल्यावर, विहाराच्या भिंतीवर तो बोलला. "लेक शिकली आहे. तिले नोकरी करू द्या. जेवल्याशिवाय कोणी जाऊ नोका." दोन मिनिटांतला अर्धा वेळ खोकलाच होता. मग भिंतीवर साहेबांनी माइक घेतला. खुद्द साहेब पहिल्या रांगेत होते. ते खुर्चीत सरसावून बसले.

मी लॅपटॉपकडे धावलो. बाईंनी माझी बाही धरली.

"नोका बंद करू, भाऊ. थे मांगं उभे आहेत."

होता खरा. साहेबांच्या खांद्यामागे, तोंडावर दुपट्टा दाबून, खोकला आवरत. बायकामाणसं सगळी त्या खांद्याच्या मागे बघत होती. तीन मिनिटं तो तसाच उभा राहिला. मग एका कार्यकर्त्याने कोपराला धरून त्याला बाजूला सारलं, कारण त्याच्यामुळे साहेबांचा बॅनर झाकला जात होता. तो चौकटीबाहेर गेला, तो परत आलाच नाही.

"आता करा बंद," बाई म्हणाल्या.

पहिल्या रांगेतून साहेबांनी हात वर केला. "राहू द्या, राहू द्या."

अजून नऊ मिनिटं बाकी होती.