रक्तातली चरबी

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा माझे डोळे मोठे व्हायला लागले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आरशात मला ते बरे वाटायचे, खोटं कशाला बोलू. सिनेमातल्या नट्या काजळ घालून जे करायच्या, ते माझं फुकटात झालं होतं. पण नागपूरच्या आमच्या विणकरांच्या घरात सुनेनं सासूकडे असं पाहायचं नसतं.

"काहून वटारते वं डोळे?" सासूबाई मागावरून विचारायच्या.

"नाही वटारत," मी म्हणायचे, तेही वटारलेल्या डोळ्यांनीच. पापण्याच खाली येईनात, तर मी तरी काय करू?

भूक अशी की पाच-पाच भाकरी संपवायचे, आणि तरी पोलकं ढिलं. मागासाठी सुताच्या कांड्या भरताना हात थरथरायचे, सूत तुटायचं. सासूबाईंचं निदान पक्कं होतं: "चरबी चढली हिले." एक दिवस त्यांनी माझ्यासमोरच नवऱ्याला सांगितलं, "काटोलले नेऊन सोड. चरबी उतरली की पाहू." काटोल माझं माहेर. एकदा नेऊन सोडलेली सून परत कोण आणतं? त्या दिवशी मी खाली मान घालून कांड्या भरत राहिले.

नवऱ्यानं सारी हिंमत गोळा करून एवढंच केलं, की आधी दवाखान्यात नेलं. सासूबाईही आल्या, डॉक्टरांना माझे गुण सांगायला. डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त काढलं. आठवड्यानं पुन्हा तिघं गेलो तेव्हा कागद पाहत म्हणाले, "हिच्या रक्तात चरबी फार कमी आहे."

"कमी?" सासूबाई म्हणाल्या. "बरोबर पाहा, डॉक्टरसाहेब."

"गळ्यातली थायरॉईडची गाठ जोरात चालते, खाल्लेलं जाळून टाकते. रोगाशी लढणारं हिचं रक्तच त्या गाठीवर उलटलंय. डोळ्यांमागची सूजही त्यातलीच. ही मुद्दाम वटारत नाही."

माफी मागायची पद्धत आमच्याकडे नव्हती. त्या संध्याकाळी माझ्या भाकरीवर तूप तेवढं जास्त पडलं, आणि काटोलचं नाव बंद झालं.

गोळ्यांनी हात थांबले, अंग भरलं. डोळे मात्र पुरते आत गेले नाहीत. दोन वर्षांनी एका लग्नात मी पंगतीत वाढत असताना मागे कुणी बाई सासूबाईंना म्हणाली, "तुमची सून लय रागीट दिसते."

"आजार आहे तिले," सासूबाई म्हणाल्या. "राग आला की खाली पाहते. घरून काढाले निघाली होती मी, तर दिवसभर मान वर नाही केली तिनं."

मला भरून आलं, आणि संतापही आला. म्हणजे मी मुद्दाम वटारत नाही, हे सासूबाईंना डॉक्टरांच्या आधीच कळलं होतं.