शकुबाईंची दगडफुलं

नवं भांडं हातात आलं की शकुबाई आधी त्यावर बोटाच्या सांध्यानं ठोकतात आणि कान लावून ऐकतात. आवाज लांबला तर माल चांगला, बद्द वाजला तर परत. लाखनीत हायवेला लागून त्यांच्या नवऱ्याचं, टिकारामजींचं भांड्यांचं दुकान आहे, दुकानाच्या मागं घर. मोहाडीकडच्या खेड्यातून लग्न होऊन त्या इथं आल्या, त्याला छत्तीस वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंतच. पण पितळ कोणतं, कासं कोणतं, कशात आंबट ठेवावं नि कशात नाही, हे गिऱ्हाइकाला सांगावं ते शकुबाईंनीच. टिकारामजी फक्त तराजू धरतात.

त्यांचा सगळ्यात जास्त जीव तांब्यावर. रोज संध्याकाळी चिंचेनं लख्ख घासलेली तांब्याची गुंडी भरून ठेवायची आणि सकाळी उठल्याबरोबर घरातल्या प्रत्येकाला त्यातलं गिलासभर पाणी पाजायचं, हा त्यांचा नेम. दुकानात कोणी पोटाची तक्रार सांगितली की औषधाच्या आधी गुंडी दाखवतात. नुसती विकायची म्हणून नाही, मनापासून.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं, योगेंद्रचं लग्न झालं. रक्षा भंडाऱ्याची, प्राणिशास्त्रात एम. एस्सी., साकोलीच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवते. सामानाबरोबर तिची एक काचेची टाकी आली. ऐंशी लिटर खारं पाणी, खाली पांढरी रेती, मधे खडबडीत दगड, आणि दगडाच्या खाचांत रुतून बसलेले चार जीव. पुरीएवढे गोल. एक हिरवा, मधे नारंगी; एक जांभळट; एक लालभडक; चौथा राखाडी, ठिपक्याठिपक्यांचा. कडेनं बारीक बोटांची झालर. रक्षा त्यांना रॉक फ्लॉवर ॲनिमोन म्हणायची. शकुबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्याचं दगडफूल करून टाकलं.

शेजारच्या मंदाबाई बघायला आल्या.

"हे काय व शकू?"

"दगडफूल."

"मसाल्यातलं? मंग पान्यात कायले भिजू घातलं?"

"अवं, जनावर आहे ते. झिंगे खाते."

मंदाबाई दोन पावलं मागं सरकल्या. "बाकीच्याच्या सुना फ्रिज आनतेत, तुही सून समुद्र घेऊन आली व माय!"

शकुबाईंनाही सुरुवातीला शिसारीच आली होती. डोकं नाही, डोळे नाहीत, तोंड तेवढं मधोमध. पण एकदा रक्षानं चिमट्यात झिंग्याचा बारीक तुकडा धरून लाल फुलाच्या झालरीवर ठेवला. एकेक बोट हळूच वळलं, तुकडा मधे सरकला, आणि फूल मिटलं, पदर आवळून घ्यावा तसं. त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा चिमटा शकुबाईंच्या हाती गेला. उन्हाळ्याच्या दुपारी हायवे ओस पडतो, दुकानात चिटपाखरू येत नाही. तेव्हा त्या सुपात तांदूळ घेऊन टाकीसमोर बसायच्या. एक डोळा खड्यांवर, एक फुलांवर. कोणतं पूर्ण उघडलं, कोणतं रुसलं, हे रक्षाच्या आधी त्यांना कळायचं.

मे महिन्यात रक्षाला नागपूरला ट्रेनिंग लागलं. आधी पाच दिवस, मग जूनमध्ये सलग तीन आठवडे. योगेंद्र गाडीत माल घालून आठवडी बाजार करतो, त्याचा पाय घरात ठरत नाही. म्हणजे टाकी कोणाच्या भरवशावर?

"आई, हे पाच दिवस तुम्हाला जमले तर जूनमध्येही टाकी इथंच राहील," रक्षा म्हणाली. "नाही जमलं तर नागपूरच्या एका दुकानदाराशी बोलून ठेवलं आहे. त्याला देऊन टाकते. जीव मारण्यापेक्षा दिलेले बरे."

"मले काहून नाही जमन? छत्तीस वर्सं घर जमलं, चार फुलं नाही जमन?"

रक्षानं समजावून दिलं. उन्हामुळे टाकीवर छोटा पंखा चोवीस तास चालवायचा. पंख्यानं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मात्र आत राहतं. म्हणून काचेवर लावलेल्या पट्टीपर्यंत रोज गोडं पाणी घालायचं, खारं नाही.

"समजलं. वरन आटलं तं पानी घालाव, मीठ नाही."

"अगदी तसंच," रक्षा हसली. "आणि पाणी त्या पांढऱ्या कॅनमधलं. मशीनमधून गाळलेलं."

सोमवारी सकाळी रक्षा बसनं गेली. दुपारपर्यंत पाणी पट्टीच्या तीन बोटं खाली उतरलं होतं. शकुबाईंनी कॅन उघडला, वाटीभर पाणी तोंडात घेतलं आणि तोंड वाकडं केलं. ना चव, ना ढव. असलं मेलेलं पाणी आपल्या लेकरांना पाजलं नसतं, मग या मुक्या जीवांना काहून? रक्षाच्या माघारी फुलं अशी टवटवीत करून दाखवू की ती बघतच राहील. त्यांनी कॅनचं झाकण लावलं आणि गुंडीतलं पाणी लोट्यानं पट्टीपर्यंत भरलं. मंगळवारी तेच. बुधवारी तेच, उलट जरा जास्तच, कारण त्या दिवशी झळा भयंकर होत्या.

मंगळवारी संध्याकाळीच जांभळट फूल नीट उघडलं नव्हतं. शकुबाईंना वाटलं, ऊन बाधलं. बुधवारी चारही आकसली. लाल फुलानं तर झिंग्याचा तुकडा घेऊन परत थुंकला. मंदाबाई म्हणाल्या, "नजर लागली असन." शकुबाईंनी मीठमिरच्या घेऊन टाकीवरून उतरवल्याही, विस्तवावर मिरचीचा ठसका मात्र टिकारामजींनाच बसला.

गुरुवारी सकाळी राखाडी फूल दगड सोडून रेतीवर आडवं पडलं होतं. तोंड उघडं, आतलं बाहेर आलेलं. झालर दोऱ्यासारखी लोंबत होती. बाकीची तिघं सुकलेल्या बोरांएवढी झाली होती.

टिकारामजी चहा घेऊन मागं उभे राहिले. "मेलं का व?"

"तुमी गप रहा जी."

"रक्षाले फोन कर."

"केला की झालं. टाकी चालली नागपूरले."

"मंग नको करू. शनिवारी येनारच आहे ते. उन्हानं मेले म्हनजो. कोनाले मालूम?"

शकुबाई सुपाशी बसल्या, पण हात तांदळात फिरेना. सांगितलं तर टाकी जाते. नाही सांगितलं तर शनिवारपर्यंत हे तीनही असेच आडवे पडतील, मग टाकी राहून तरी काय ठेवायचं तिच्यात? आणि आपण केलं तरी काय? पंखा बंद केला नाही, खारं पाणी घातलं नाही. केलं ते चांगलंच केलं. एकच गोष्ट सांगितल्याहून वेगळी केली होती. ती आठवली आणि त्यांच्या हातातलं सूप खाली ठेवलं गेलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोन लावला.

"जेवली का, माय?"

"जेवते आहे. काय झालं आई? आवाज असा का?"

"फुलं आकसले. ठिपक्याचं सुटून पडलं खाली."

"पाणी किती तापलं? काट्यावर बघा."

"सत्तावीस आहे. पंखा चालू आहे. ते नाही." शकुबाईंनी श्वास घेतला. "म्या कॅनमधलं पानी नाही घातलं. गुंडीतलं घातलं. तीन दिवस."

पलीकडून डबा बंद केल्याचा आवाज आला.

"तांब्याच्या?"

"हाव. कालच चिंचेनं घासली होती. मले वाटलं, आपल्याले पोसते तं त्याईलेही पोसन."

"आई, आपल्याला चालतं. या बिनहाडाच्या जीवांना पाण्यात जरासं तांबं उतरलं तरी विष होतं." रक्षाचा आवाज कडक झाला होता. "आता मी सांगते ते करा. सगळं जसंच्या तसं. आपल्या मनाचं काही नाही."

"नाही करत. तू बोल."

कोपऱ्यातल्या निळ्या ड्रममध्ये रक्षा कालवलेलं खारं पाणी नेहमी तयार ठेवायची. टाकीतलं निम्मं पाणी नळीनं काढून ते घालायचं, सावकाश, फुलांवर धार न पडू देता. कपाटातली कोळशाची पुरचुंडी फिल्टरमध्ये टाकायची. सुटलेल्या फुलाला वास येत असेल तर ते लगेच बाहेर. नसेल तर पंपाच्या तोंडात ओढलं जाऊ नये म्हणून जाळी लावायची. दगडाला धरून असलेल्यांना बोटही लावायचं नाही, ओढलं की त्यांचा बुडाकडचा चिकट पाय फाटतो.

दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. टिकारामजींनी नळीला तोंड लावून पाणी ओढलं आणि अंमळ जास्तच ओढलं.

"आक् थू! भल्लं खारट आहे व!"

"मंग समुद्र काय गोड राहते का जी? धरा नळी नीट."

ठिपक्याच्या फुलाला वास येत होता. शकुबाईंनी ते वाटीत काढलं, डोळे पुसले आणि पुन्हा कामाला लागल्या. शुक्रवारी रक्षाच्या सांगण्यावरून ड्रममधलं उरलेलं पाणी घालून पुन्हा बदल केला. पट्टीपर्यंतचं पाणी कॅनमधलं. प्रत्येक लोट्याच्या आधी फोन.

"आता घालू?"

"घाला आई."

"कॅनमधलंच आहे, बरं."

"माहीत आहे आई. मी वर्गात आहे."

शनिवारी रक्षा आली ती बॅग खांद्यावर ठेवूनच टाकीपुढे बसली. बराच वेळ बघत राहिली. वाटीतलं फूल बघितलं. ते तिचं सगळ्यात जुनं, कॉलेजात असताना घेतलेलं. ती रागावली होती, आणि तिनं ते लपवलंही नाही.

रात्री जेवणं झाल्यावर भांडी आवरता आवरता शकुबाईंनीच म्हटलं, "देऊन टाक त्या नागपूरवाल्याले. माह्यानं नाही होत."

रक्षानं ताट विसळून पालथं घातलं. "तिघं जगतात का ते आधी बघू," एवढंच बोलली. मग दारापर्यंत गेली आणि थांबली. "भांड्यांच्या दुकानात राहते मी. तांबं चालत नाही हे मीच सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही."

पुढचे दहा दिवस घरात दगडफुलांशिवाय विषय नव्हता. हिरवं चौथ्या दिवशी थोडं उघडलं. जांभळट रात्रीतून दगडाच्या दुसऱ्या खाचेत जाऊन बसलं, रक्षा घाबरली, पण शकुबाई म्हणाल्या, "जागा बदलाचं बळ आलं म्हनजे बरं आहे." लाल मात्र बोराएवढंच. दहाव्या दिवशी दुपारी शकुबाईंनी चिमट्यात मुंगीएवढा झिंग्याचा कण धरला. रक्षा श्वास धरून बसली होती. कण झालरीला लागला, तसाच राहिला. मग एक बोट वळलं. दुसरं वळलं. कण मधे गेला. दोघी वाट बघत राहिल्या, परत बाहेर येतो का ते. नाही आला.

"गिळलं व!" शकुबाई ओरडल्या, तशा दुकानातून टिकारामजी तराजू हातात घेऊनच धावत आले.

त्याच संध्याकाळी रक्षा दारापुढच्या ओट्यावर उभी राहून नागपूरच्या दुकानदाराशी फोनवर बोलत होती. शकुबाई आतून ऐकत होत्या आणि ऐकत नसल्यासारखं करत होत्या. आता फुलं सावरली, म्हणजे द्यायला मोकळी झाली, एवढं त्यांनाही कळत होतं. लाल फुलाला किती बारीक तुकडा द्यायचा, हे त्या माणसाला सांगावं लागेल. चिमटा हळू धरायचा, हेही.

"हो, मोठी बादली पाठवा," रक्षा म्हणत होती. "समुद्री मिठाची. तीन आठवडे मी नाही, आई एकट्याच बघणार. मधे संपायला नको... नाही हो, टाकी कुठं द्यायची आता? दुसऱ्या कोणी चूक लपवली असती आणि मला थेट चारही मेलेली दाखवली असती."

शकुबाई बाहेर आल्या. "मीठ येनार आहे तं कालवाचं मले शिकव. ड्रम तूच भरून जाशीन, मंग पुन्हा काही झालं तं मी काय करू?"

रक्षानं खारेपणा मोजायची नळकांडी आणली. तिच्या काचेवर ड्रममधल्या पाण्याचा एक थेंब टाकला आणि ती सासूच्या हातात दिली. शकुबाईंनी उजेडाकडे तोंड केलं, एक डोळा मिटला.

"काही दिसून नाही राहिलं."

"थोडी खाली धरा. वर निळं, खाली पांढरं. दोन्ही भेटतात तिथला आकडा वाचा."

शकुबाईंनी बराच वेळ घेतला. दुकानात कोणीतरी पितळेच्या पराती मागत होतं, टिकारामजी दोनदा हाका मारून गेले.

"थांबा जी, मोजून राहिले!" त्या तशाच म्हणाल्या, डोळा न हलवता. मग हळूच, "पस्तीस."

रक्षानं नळकांडी घेऊन स्वतः बघितलं.

"पस्तीस," ती म्हणाली, आणि पुढचा थेंब टाकायला नळकांडी परत त्यांच्याच हातात दिली.