दिवाणखान्यातला समुद्र

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा हे म्हणाले होते, दर वर्षी समुद्र दाखवीन. बँकेतल्या माणसाचा शब्द, मी खरा मानला. मग कधी ऑडिट, कधी सासूबाईंचे गुडघे, कधी सिंहस्थाचे पाहुणे. माहेरी गेले ती कुणाच्या ना कुणाच्या लग्नाला, आणि तीही धावतपळत.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी माधव नगरच्या आमच्या दिवाणखान्यात काचेची भली मोठी टाकी आणली. खारं पाणी, जिवंत प्रवाळ, पिवळे मासे. आल्यागेल्याला सांगायचे, "हिला समुद्र हवा होता ना, घरीच आणून दिला." लोक म्हणायचे, "वहिनी, नशीबवान आहात हो." मी चहा टाकायला उठायची.

लाटा करणारा पंप मात्र ह्यांना जमेना. मुठीएवढा पंखा तो, चुंबकाने काचेला आतून चिकटतो. ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून खाली तळाशी लावला, तोंड थेट प्रवाळाकडे. रेती उडून पाणी गढूळ झालं, प्रवाळ अंग चोरून बसलं. दोन-तीन दिवस हाच तमाशा. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "सरका तिकडे. समुद्र असा एकाच जागी धक्के मारत बसतो का? येतो, थांबतो, मागे जातो." पंप वर घेतला, तोंड समोरच्या काचेकडे केलं आणि बटण दाबून दाबून जोर कमी-जास्त होईल अशी चाल लावली. पाणी काचेवर आपटून परत फिरू लागलं. संध्याकाळपर्यंत प्रवाळ फुललं.

इथेच मी फसले. "तुलाच जमतं बुवा," हे म्हणाले, आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. पंपात शेवाळ अडकलं की मी, वीज गेली की मी, पाण्यात मीठ कालवायला मी. ह्यांचं काम पाहुण्यांना दाखवण्याचं.

मग भावाचा फोन आला. आईने अंथरूण धरलंय, सारखी तुला विचारते. मी बॅग भरली. हे म्हणाले, "अगं, आत्ताच नवीन प्रवाळ सोडलंय. पाणी सेट होऊ दे, मग जा ना, क्या जल्दी है. आई खंबीर आहेत." आणि मी थांबले. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. पाणी सेट व्हायच्या आत भावाचा दुसरा फोन आला.

मी एकटीच गेले. हे आले नाहीत, टाकीपाशी कुणीतरी हवंच ना.

दहावं उरकलं त्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर जाऊन बसले होते. ह्यांचा फोन. वाटलं, आईबद्दल दोन शब्द बोलतील.

"अगं, तो पंप खाली घसरलाय, रेती उडतेय. कुठल्या बाजूला फिरवू?"

समोर पाणी येत होतं, जात होतं. त्याला माझी गरज नव्हती. आईला होती, तेव्हा मी त्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभी होते. मला भयंकर संताप आला.

"बंद करा तो," मी म्हटलं.

"बंद केला तर सगळं मरेल."

"मरू दे. म्हणजे तेराव्याला यायला मोकळे व्हाल."