माठासारखी वाजवून घेतलेली गिटार

आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारी बाई पुण्याला मुलाकडे कायमची राहायला गेली आणि जाताना पेटीही घेऊन गेली. पेटी तिचीच होती, त्यामुळे कुणाला काही बोलता येईना. पण पुढच्या गुरुवारी दत्ताच्या देवळात बसलो तेव्हा कळलं, की इतकी वर्षं आपण सगळ्या गातोय असं जे वाटत होतं, ते तिच्या पेटीच्या जिवावर चाललं होतं. पहिली ओळ एका सुरात, दुसरी दुसऱ्याच, आणि आरतीपर्यंत पोचता पोचता आम्ही इतक्या वर चढलो होतो, की पुजारीबुवांनी घंटा जरा लवकरच हातात घेतली.

त्यानंतर गळती लागली. एकीच्या नातवाची परीक्षा आली, दुसरीचे गुडघे आले, तिसरीकडे पाहुणे आले. खरं कारण मला माहीत होतं. बेसूर गायला कुणालाच आवडत नाही, आणि बेसूर कोण झालं यावर चपला घालताना भांडायला त्याहून आवडत नाही. दहा-बारा जणींच्या जागी आम्ही चौघी-पाचजणी उरलो. ढोलकी वाजवणारी अक्का मात्र यायची. तिच्या घरी टॉवेलचे माग आहेत, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलते, आणि तिला मागांच्या आवाजाची इतकी सवय, की ढोलकीसुद्धा ती पलीकडच्या पेठेत ऐकू जावी अशी वाजवते.

मला काळजी मंडळाची नव्हती, माझी होती. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा बंगळूरला. नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसं म्हणतात, आता निवांत. निवांतपणाचा पहिला महिना बरा जातो. नंतर मी दिवसभर गाऊनवर असायची आणि टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याला उलट उत्तरं द्यायची. गुरुवार तेवढा वेगळा. त्या दिवशी साडीला इस्त्री व्हायची, केसांना तेल लागायचं, कुणीतरी 'आज उशीर झाला गं' असं म्हणायचं. तो गुरुवार बंद पडला तर मी कुणासाठी केस विंचरणार होते? म्हणून मी ठरवलं, सूर मी देणार.

पेटी मला येत नाही. गिटार येते, म्हणजे थोडी येते. मुलगा घरी टाकून गेलेली साधी लाकडी गिटार मी नवरा गेल्यानंतरच्या रिकाम्या दुपारी फोनवर व्हिडिओ बघून शिकले. बोटांना घट्टे पडले, शेजारच्या घरात दोनदा विचारणा झाली, पण आपल्या गाण्याला लागतात तेवढे कॉर्ड हाताला बसले. मान ताठ करून ती गिटार मी एका गुरुवारी देवळात नेली. अक्काची ढोलकी आणि दोन जोड्या झांजा सुरू झाल्यावर मी गिटार वाजवतेय की मांडीवर बाळ घेऊन बसलेय, हे माझं मलाच कळेना. मी तारा ओरबाडल्या तरी बायका आपल्या वाटेनं निघून गेल्या.

मग मी बाजारपेठेतल्या वाद्यांच्या दुकानातून एक इलेक्ट्रिक गिटार दाखवायला आणली. दुकानदारभाई ओळखीचे, त्यांनी विश्वासानं दिली. ती भरीव लाकडाची असते, सपाट, आणि आवाज सगळा अँपमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्यातून येतो. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी, सांगोल्याकडच्या, लहानपण मेंढरांमागं गेलेलं, त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली.

"ही तर फळी हाय," त्या म्हणाल्या.

"मावशी, इलेक्ट्रिक आहे ती."

"इजेवर चालू दे की. पर फळीला तारा लावून देवाफुडं बसायचं? वीणा बघ, तंबोरा बघ, पेटी बघ. पोट असतंय वाद्याला. पोट नसलं तर सूर राहील कुटं?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एरवी या बायकांचं चहात साखर किती यावरही एकमत होत नाही. मी चिडून फळी परत नेऊन दिली, आणि रात्री मुलाला फोनवर सगळं गाऱ्हाणं सांगितलं. तो हसला हसला आणि म्हणाला, "आई, पोट असलेली इलेक्ट्रिकही असते. जाझवाले वाजवतात. आतून पोकळ, वर व्हायोलिनसारखी दोन भोकं." त्यानं फोटो पाठवले. काय देखणं प्रकरण होतं! मी चष्मा पुसून पुसून बघत बसले. मग किमती बघितल्या. एका गिटारीच्या किमतीत नवी स्कूटर येत होती.

पुढचे काही आठवडे माझं डोकं त्या गिटारींनी व्यापून टाकलं. माझ्या पेन्शनीला झेपतील अशाही असतात, चीनमध्ये आणि इंडोनेशियात होतात, हे कळलं. त्यांत दोन जाती. एक पूर्ण पोकळ. दुसरी अर्धपोकळ, म्हणजे दोन्ही बाजूंना पोकळ पण मधून, तारांच्या खाली, लाकडाचा भरीव ठोकळा. पूर्ण पोकळचा आवाज गोड आणि गोल, पण अँपसमोर आवाज वाढवला की तिचं पोट अँपचाच आवाज परत पिऊन घेतं आणि ती ओरडायला लागते. ठोकळा असलेली ओरडत नाही. सगळे व्हिडिओवाले एका सुरात सांगत होते, गर्दीत आणि मोठ्यानं वाजवायचं असेल तर ठोकळ्याची घ्या. मी मनाशी पक्कं केलं. भाईंच्या दुकानात दोन्ही होत्या. अर्धपोकळ नवी, चकचकीत. पूर्ण पोकळ कुणी मागवून न नेलेली, काचेच्या कपाटात उन्हानं एका बाजूचा रंग उडालेला, म्हणून बरीच स्वस्त.

मी गुपचूप जाऊन अर्धपोकळ घेऊन यायचं, एवढाच बेत होता. पण अक्काच्या कानावर काही घातलं की ते मागाच्या धोट्यासारखं इकडून तिकडं फिरतं. शनिवारी सकाळी मी दुकानापाशी पोचले तर बाहेर चपलांचा ढीग. आत सगळं मंडळ. परीक्षावाली होती, गुडघेवाली होती, पाहुणेवालीही होती. भाई टेबलापलीकडं अंग चोरून उभे होते.

"आलीस व्हय," मावशी म्हणाल्या. "आमी म्हटलं, देवाचं वाद्य एकटीनं कसं घ्यायचं."

मी भाईंना अर्धपोकळ काढायला सांगितली. ती मांडीवर घेऊन मी दोन कॉर्ड वाजवले. बायका ऐकत होत्या, पण डोळे गिटारीच्या अंगावर. मावशी पुढं आल्या. "थांब, मी बघती," असं म्हणत त्यांनी बोटाचं पेर वाकवलं आणि गिटारीवर टकटक केली.

उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे माठ असाच घेतात. वरपासून खालपर्यंत वाजवून बघायचा. सगळीकडून खणखणीत वाजला तर घ्यायचा, एखाद्या ठिकाणी बद्द वाजला तर कुंभाराला परत द्यायचा. सोलापुरातल्या उन्हात गळका माठ घरी नेणं म्हणजे चार महिने नवऱ्याची बोलणी खाणं. त्यामुळे हे परीक्षण आम्ही बायका डोळे मिटून करतो. मावशींनी कडेला वाजवलं, खण्ण. दुसऱ्या कडेला वाजवलं, खण्ण. मधे वाजवलं, तर बद्द.

"हितं बोलतंय, हितं बोलत न्हाय," मावशींनी निकाल दिला. "मदी भरीव हाय की ह्ये."

"मावशी, तिथं आतून लाकूड लावतेत," भाई म्हणाले. "चांगल्यासाठीच लावतेत."

"चांगल्यासाठी लावलं तर झाकलं कशापायी?"

एकेक करून सगळ्याजणी पुढं आल्या, एकेकीनं पेर वाकवलं, आणि मधे वाजवून तोंड वाकडं केलं. अक्कानं तर दोन्ही हातांनी ठेका धरून बघितला. मग त्यांची नजर कपाटातल्या रंग उडालेल्या गिटारीवर गेली. ती बाहेर निघाली. वर, खाली, मधे, सगळीकडं खण्ण. बायकांचे चेहरे उजळले.

"ह्येचं पोट मोकळं हाय," मावशी म्हणाल्या. "ह्येच घे."

भाईंनी मला बाजूला घेतलं. "ताई, ऐका माझं. हे नक्को. घरात वाजवायला लई गोड हाय, पण देवळात पत्र्याखाली जोरात लावलात की बोंबलतंय बघा. मंग मला बोलू नका."

भाईंचं बरोबर होतं. आठवडे घालवून मी जे शिकले होते तेच ते सांगत होते. मी वळून बायकांना समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि ते तसंच मिटलं. पाहुणेवाली आणि गुडघेवाली, ज्या महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या एकाच गिटारीवर दोन बाजूंनी टकटक करून खिदळत होत्या. कुणीतरी पिशवीतून शेंगाची पोळी काढली होती आणि भाईंनाही दिली होती. इतक्या सगळ्या एका ठिकाणी मी पेटी गेल्यापासून बघितल्या नव्हत्या. त्या क्षणी मला कुणी नुसती चूल विकली असती तरी मी घेतली असती. शहाणपण गुंडाळून ठेवलं आणि पोकळ गिटार घेतली.

गुरुवारी देवळात तिची पूजा झाली. हळदकुंकू लागलं, हार पडला. अक्षता टाकायची वेळ आली तेव्हा मी दोन्ही भोकांवर तळवे झाकून बसले, तरी दोन-चार दाणे आत गेलेच. ते अजूनही आत आहेत, गिटार उचलली की खुळखुळतात. मग मी अँप लावला, गिटारीच्या मानेवर चिमटा बसवून बायकांची नेहमीची पट्टी, पेटीवरची काळी पाच, जुळवली आणि आवाज वाढवला. अक्कानं ढोलकीवर थाप मारली, झांजा सुरू झाल्या. दोन ओळी झकास झाल्या. सूर मिळाला, सगळ्या त्याला धरून चालल्या, आणि मला वाटलं, जिंकलं.

तिसऱ्या ओळीला गिटार हंबरली. मी जाडी तार दाबली, तरी थांबेना. खालून सुरू झालेला आवाज वाढत वाढत पत्र्याला जाऊन भिडला, समईजवळची घंटा आपोआप थरथरायला लागली, आणि बाहेरचं कुत्रं उठून गेलं. मी आवाज कमी केला तर गिटार ढोलकीखाली गडप झाली. वाढवला की पुन्हा म्हैस. असं तीन-चारदा झालं. कुणी झांज खाली ठेवली, कुणी हसू दाबलं, आणि गुडघेवालीनं पिशवी जवळ ओढली. ते पिशवी ओढणं मी बघितलं आणि माझा धीर सुटला. आता एकेक करून उठणार, आणि पुढच्या गुरुवारी मी टीव्हीसमोर. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच राग आला. "झालं समाधान?" मी खेकसले. "वाजवा आता माठ!"

मावशींना माझं बोलणं लागलं की नाही कोण जाणे. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि अँपची पिन उपसून टाकली.

"त्येला गप कर. तू वाजिव."

"ऐकू येणार नाही मावशी."

"मग आमी गप बसतो की."

मी वाजवलं. पोकळ गिटारीला विजेशिवायही बारीकसा आवाज असतो, फळीला तेवढाही नसतो. तो आवाज माझ्या मांडीपासून फार तर चार हातांवर जात होता. अक्कानं ढोलकी बाजूला सारली आणि सरकून जवळ आली. झांजा पदराखाली गेल्या. कोंडाळं आवळत आवळत सगळ्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकले, आणि मग त्यांनी गायला सुरुवात केली. हळू, गिटार बुडणार नाही इतक्या बेतानं. इतकी वर्षं मी या बायकांबरोबर ओरडले होते. त्यांचे आवाज मला त्या दिवशी ऐकू आले. अक्काचा आवाज तिच्या हातांच्या मानानं अगदीच नाजूक निघाला. मावशींचा जरा घोगरा, पण लांबवर न तुटता जाणारा. पुजारीबुवा घंटेचा दोरा धरून उभे राहिले आणि वाजवायचं विसरले.

निघताना चपला शोधत मावशींनी विचारलं, "उद्या काय करणार हायस?"

"उद्या शुक्रवार. काही नाही."

"मग तुज्या घरी बसू की."

बोलायला म्हणून बोलल्या असतील, असं मी धरून चालले. शुक्रवारी चार वाजता मी नेहमीप्रमाणं गाऊनवर, केस तसेच, टीव्हीवरच्या माणसाला काहीतरी सुनावत होते. बेल वाजली. दारात मावशी, अक्का आणि मागं गुडघेवाली, जिन्याला धरून धापा टाकत.

"अहो, मी अशीच आहे घरात," मी म्हणाले.

"मग? आमी काय तुला बघाय आलोय व्हय?" असं म्हणून मावशी आत शिरल्या.

मी टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात गेले. चहाचं मोठं पातेलं नवरा गेल्यापासून कपाटाच्या वर पडून होतं. ते काढायला स्टुलावर चढले, आणि तिथंच, पातेलं छातीशी धरून, मला रडू फुटलं. धूळ झटकत, नाक ओढत मी किती वेळ उभी राहिले असेन कोण जाणे. बाहेर कुणीतरी गिटारीची तार छेडून बघितली आणि मावशींचा आवाज आला.

"चा मागनं कर गं. आदी सूर दे."