पाहुण्यांपुढचं उत्तर

अकोल्याच्या जठारपेठेत चारुशीलाबाईंच्या दारावर पितळी पाटी आहे. 'प्रा. सौ. चारुशीला' असं तिच्यावर ठसठशीत कोरलंय. सासऱ्यांनी हौसेनं लावलेली. आता या 'प्रा.'ची गंमत अशी, की बाई अकरा वर्षं तासांवर शिकवतात. तास झाला तर पैसे. वर्गाला कुलूप लागलं की पगारालाही कुलूप. कॉलेजात हे सगळ्यांना ठाऊक, गल्लीत कोणालाच नाही. उन्हाळ्यात शेजारणीनं विचारलं, "काय मॅडम, सुट्टी ना आता?" की बाई म्हणायच्या, "कुठली सुट्टी वो, पेपरांचे गठ्ठे पडलेत." वऱ्हाडी माणूस उपाशी असला तरी दारात पाहुणा पाहून ढेकर देईल, त्याला बाई काय अपवाद?

एप्रिलमध्ये कॉलेजचे सचिव वामनराव यांचा फोन आला. जिनिव्हातल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेची बाई चांदूर बाजारकडच्या एका गावात येणार होती. आपल्या देशानं त्या संस्थेच्या करारावर सही केलेली आहे, की हाताला काम मिळेल असं धोरण ठेवू. ते धोरण कागदावरच आहे की जमिनीवरही, हे पाहायला ती येणार. त्याच गावात वामनरावांची संत्र्याची बाग, म्हणून यजमानपण त्यांच्याकडे आणि दुभाष्याचं काम चारुशीलाबाईंकडे.

गाडीत बसल्यावर वामनराव गोड आवाजात म्हणाले, "चारुताई, जूनमध्ये इंग्रजीची एक जागा पक्की भरायची आहे. तुमची फाईल माझ्याच टेबलावर आहे. आज जरा सांभाळून बोला, देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे." देशाची अब्रू वामनरावांच्या बागेच्या कुंपणापाशी कधी आली, देव जाणे! पण बाईंना ऐकू आलं ते जागेचंच वाक्य. अकरा वर्षं त्या या एका वाक्याची वाट पाहत होत्या.

गावात शेताकडं जाणाऱ्या पांदण रस्त्यावर, रोजगार हमीच्या कामावर, बायका टोपली घेऊन माती टाकत होत्या. टोपली इतकी कोरी, की दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं. चारुशीलाबाईंनी ते पाहिलं आणि नजर वळवली. पाहुणी केनियाची, वांजिरू नावाची. जिनिव्हाची म्हणजे गोरी असणार असं धरून बसलेलं गाव तिच्याकडे टकामका पाहत होतं. कडुनिंबाखाली सतरंजी टाकली होती. चहा झाला, पोहे झाले. मग वांजिरूबाईंनी पुढं बसलेल्या केशरबाईंना विचारलं, काम मिळतं का?

केशरबाईंनी पदर सावरला. "हाव जी, भेटते ना. बारा महिने भेटते. काई कमी नाही."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. वामनरावांचा चेहरा खुलला. चारुशीलाबाईंनी एवढंच इंग्रजीत सांगायचं होतं. एक वाक्य, आणि जूनमध्ये जागा पक्की.  पण ते उत्तर त्यांच्या फार ओळखीचं होतं. पेपरांच्या गठ्ठ्यांचंच ते भावंड.

त्या केशरबाईंकडे वळल्या आणि घरच्या बोलीत म्हणाल्या, "मावशी, ह्या जेवाले आलेल्या पाहुण्या नोहीत. ह्या सरकारले जाब इचारतात. यायच्यासमोर झाकून ठेवसान, तं काम बंदच राहीन."

"चारुताई!" वामनराव म्हणाले. हळूच, पण दात आवळून.

केशरबाईंनी एकदा वामनरावांकडे पाहिलं. त्यांच्याच बागेत संत्री तोडायला जावं लागतं, ते बंद झालं तर?  मग त्या एकदम फुटल्याच. "पाहुण्यासमोर रडगानं कावून गावं, म्हनून म्हनलं होतं मी. दिवाईपासून काम बंद हाय! काल सांजी पंचायतीतून सांगतलं, सकाळी हे नवे टोपले घेऊन उभ्या राहा. उद्या कोनी इचारन काय आमाले?"

चारुशीलाबाईंनी सगळं भाषांतर केलं. एक शब्द गाळला नाही. वांजिरूबाई शेवटपर्यंत लिहीत राहिल्या.

निघताना वांजिरूबाई आपल्या गाडीत बसल्या आणि काच खाली करून त्यांनी सहज विचारलं, "आणि तुमची नोकरी? ती पक्की आहे ना?"

वामनराव दोन हातांवर उभे. बाईंना वाटलं, अजून सगळं गेलेलं नाही. मघाचे शब्द केशरबाईंचे होते. आपण फक्त दुभाष्या. त्या हसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "हो, मी प्राध्यापक आहे." वामनरावांनी समाधानानं मान हलवली.

केशरबाई मागंच होत्या. "काय इचारलं वो त्याईनं?"

"मले इचारलं, तुमचं काम पक्कं हाय काय."

"मंग?"

"हाव म्हनलं."

केशरबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी बाईंच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "लय बरं झालं वो माय. एका बाईचं तरी पक्कं हाय."

 याहून त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बाईंना परवडलं असतं. गाडी सुरू झाली होती. चारुशीलाबाई धावल्या, काचेवर हात आपटला आणि धापा टाकत म्हणाल्या, "मी खोटं बोलले. मी तासांवर आहे. अकरा वर्षं. उन्हाळ्यात मला काम नसतं." वांजिरूबाईंनी पुन्हा वही उघडली.

ती गाडी गेली. वामनराव बाईंकडे न बघता आपल्या गाडीत बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला." बाईंची पर्स मागच्या सीटवर होती, ती ड्रायव्हरनं खाली उतरून मुकाट्यानं त्यांच्या हातात दिली. फाईलचं काय होणार, हे सांगायला कोणी लागलं नाही.

धुरळा बसल्यावर केशरबाई जवळ आल्या. इंग्रजी त्यांना कळलं नव्हतं, पण बाकी सगळं कळलं होतं. "नाही ना पक्कं?"

"नाही, मावशी."

"चाला. एस.टी. याले टाइम हाय. घरी बसू." दारापाशी पोचल्यावर केशरबाई थबकल्या. आता चारुशीलाबाईच पाहुण्या होऊन उंबऱ्यावर उभ्या होत्या. केशरबाई क्षणभर घुटमळल्या, मग सरळ म्हणाल्या, "दूध नाही वो घरात. काया चहा घेसान काय?"

"घेतो वो मावशी," चारुशीलाबाई म्हणाल्या आणि चुलीजवळच बसल्या.