शेषरावांची घुमटवाली प्लिमथ

सुंदराबाईंच्या मते त्यांच्या नवऱ्याला जन्मात एकच आजार जडला होता, आणि तोही अमेरिकेचा. शेषराव अमरावतीत पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. विमान त्यांनी पाहिलं ते मान वर करूनच. पण सकाळच्या चहाबरोबर ते डेट्रॉईटबद्दल असे बोलत, जणू नांदगाव खंडेश्वरच्या पुढचाच स्टॉप.

"तो जमाना अलग होता, सुंदरा. गाडी म्हंजे गाडी. लांबच्या लांब. मांगून पंख निंगालेले."

"तुमाले काय मालूम तो जमाना? तुमी तवा अकोल्यात नाक पुसत फिरत होते."

बाईंनी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत घालवली होती. पोरगं थाप मारू लागलं की त्याच्या पहिल्या शब्दाला त्यांना कळायचं. नवऱ्याची सगळ्यात मोठी थाप त्या लग्नापासून ऐकत आल्या होत्या. शेषरावांचे वडील अकोल्याच्या एका कापूस जिनिंगमध्ये हमाल होते. तिथल्या शेठची निळी प्लिमथ गाडी होती, थेट अमेरिकेची. "शेठजी मले पुढं बसवत," शेषराव सांगत, "म्हनत, शेषा, भोंगा वाजव!" दर वर्षी त्या गोष्टीला नवी पालवी फुटे. कधी शेठजी पेढा देत, कधी गांधी चौकापर्यंत फिरवून आणत.

खरं काय ते सासूबाईंनी मरायच्या आधी सुनेला सांगून ठेवलं होतं. शेषा आठ-नऊ वर्षांचा असताना त्यानं गाडीच्या पंखाला हात लावला. मुनिमानं कान धरला, अंगातला सदरा काढायला लावला आणि त्याच सदऱ्यानं अख्खी गाडी पुसून घेतली. बाप बाजूला हात जोडून उभा. सुंदराबाईंनी हे कधी बोलून दाखवलं नाही. माणूस एक दिवस आपल्या तोंडानं सांगेल, अशी त्यांची अपेक्षा होती. माणूस पेढ्यांवर पेढे वाढवत राहिला.

मग जिनिंग बंद पडलं, जागेवर प्लॉट पडले आणि मागच्या टिनाच्या शेडमध्ये तीच प्लिमथ सापडली. आत शेळ्या बसत होत्या. शेषरावांनी ती भंगाराच्या भावात विकत घेतली, ट्रकवर लादून अमरावतीला आणली आणि दारात उभी केली. कॉलनीतले लोक मयत पाहायला यावं तसे येऊन पाहून गेले.

"ज्या गाडीनं..." सुंदराबाई बोलता बोलता थांबल्या. "सारं जग सोडून हेच भंगार भेटलं तुमाले?"

"भंगार? छप्पनचं मॉडेल हाय! काय साल होतं ते!"

बाईंनी हातातली परात खाली ठेवली. "छप्पन साली माहा बाप नागपूरले गेला होता दीक्षा घ्याले, पायात चप्पल नव्हती. तुमचे बाबाबी गेले होते. त्या सालाचं तुमाले कौतुक कशाचं, तं शेठच्या गाडीचं?"

शेषराव फडकं घेऊन बंपर घासायला गेले.

गाडीत जुन्या मॅटेडोर टेम्पोचं डिझेल इंजिन बसलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण मोबाइलवर शेषरावांना नवीन खूळ सापडलं. अमेरिकेतल्या कंपन्यांनी त्या काळात फक्त प्रदर्शनात मांडायला म्हणून काही गाड्या बनवल्या होत्या. रॉकेटसारखं नाक, डोक्यावर काचेचा घुमट. रस्त्यावर त्या कधी आल्याच नाहीत.

"याले कॉन्सेप्ट कार म्हनतात," शेषराव तोंड भरून म्हणाले. "म्हंजे भविष्य!"

"सत्तर वर्षांमांगचं भविष्य? ते तं होऊन गेलं न."

बडनेरा रोडला कूलरचे डबे बनवणारा एक वेल्डर होता. त्यानं शेषरावांच्या सांगण्यावरून गाडीचं छत कापलं, अंग गुळगुळीत दिसावं म्हणून दारं वेल्डिंगनं कायमची बंद केली आणि वर पारदर्शक ॲक्रिलिकचा घुमट बसवला. घुमट उचलायचा, आत उतरायचं, वरून ओढून घ्यायचा. आत जायला आणि बाहेर यायला तीच एक वाट. हवेसाठी बॅटरीवरचा छोटा पंखा. शेजारच्यांनी भाबडेपणानं विचारलं, "काका, रसवंती टाकून राहिले का?" सुंदराबाई त्या दिवशी पोट धरून हसल्या.

एप्रिलमध्ये अमरावतीच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. प्रमुख पाहुणा होता पियुष, त्याच जिनिंगवाल्या शेठचा नातू. आता तो अकोल्यात बंगले बांधून विकत होता. नंबरप्लेट पाहून तो थबकला.

"अरे, ही तर आमच्या आजोबांची गाडी!" त्यानं सफारी सूट घातलेल्या शेषरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही आजोबांचे ड्रायव्हर होते का?"

सुंदराबाई शेजारीच उभ्या होत्या. आता तरी हा माणूस खरं सांगेल, असं त्यांना वाटलं. निदान पेढ्याची तरी थाप मारेल.

"हो जी," शेषराव म्हणाले.

बाईंच्या अंगाची लाही झाली. आजवरच्या थापांत हा माणूस निदान शेठच्या शेजारी तरी बसत होता. आज कोणी न सांगता स्वतःला नोकर करून मोकळा झाला, तेही तोंडभर हसून.

गाड्यांची फेरी निघाली. शेषराव घुमटात बसून मंचासमोर आले आणि पाहुण्याचं भाषण सुरू झालं म्हणून अदबीनं इंजिन बंद केलं. पियुष रंगात आला. आजोबा कामगारांना पोटच्या पोरांसारखं वागवत, आणि त्यांचे निष्ठावान ड्रायव्हर शेषकाका आज आपल्यासमोर आहेत. टाळ्या पडल्या. शेषरावांनी आतून हात जोडले.

ऊन असं की मैदानावरचं पाखरूही झाडात लपलेलं. थोड्या वेळानं आतला पंखा बंद पडला. शेषरावांनी घुमटाला एक रेटा दिला. तापून फुगलेला घुमट चौकटीत घट्ट बसला होता, हलला नाही. त्यांनी पुन्हा रेटला नाही. पुन्हा हात जोडून बसले. खुर्चीतून सुंदराबाईंना दिसलं, सफारी ओलीचिंब झाली, चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. त्या धावत गेल्या.

"भोंगा वाजवा न! भोंगा!"

शेषरावांनी मान हलवली आणि बोटानं मंच दाखवला. भाषण चालू आहे.

शेजारच्या जीपजवळ जॅकची दांडी पडली होती. बाईंनी ती उचलली आणि घुमटावर हाणली. पुन्हा हाणली. घुमट तडकला, मग मोठा तुकडा आत पडला. लोकांनी धावत येऊन शेषरावांना बाहेर ओढलं. भाषण तुटलं.

"अहो बाई, हे काय?" पियुष माइकवरच म्हणाला.

सुंदराबाई दांडीसकट वळल्या. आवाज वर्गातला, माइकची गरज नसलेला. "हा मानूस तुमचा ड्रायव्हर नव्हता. लहान पोरगं होता. गाडीले हात लावला म्हनून त्याच्याच सदऱ्यानं सारी गाडी पुसून घेतली तुमच्या जिनिंगात. आता बोला पुढं, काय बोलाचं ते."

पियुषनं माइक बंद केला.

दवाखान्यात सलाईन लागलं. बऱ्याच वेळानं शेषरावांनी डोळे उघडले.

"तुले कोनं सांगतलं?"

"तुमच्या मायनं."

"घुमट फोडाले नको होता. महाग होता."

दांडी मैदानावरच राहिली याचं बाईंना वाईट वाटलं. शेषराव छताकडे पाहत हळूच म्हणाले, "सदरा नवा होता, सुंदरा. बाबांनी भीमजयंतीसाठी शिवला होता. कापूस लादून लादून."

"हे सांगाले म्हातारं व्हा लागलं?" बाई म्हणाल्या, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

महिन्याभरानं पियुषच्या ऑफिसातून फोन आला. झालं ते झालं, साहेबांच्या बहिणीचं लग्न आहे, वरातीला गाडी हवी. काकांनीच चालवावी, ड्रेस आणि फेटा आम्ही देऊ.

"गाडी विकली," शेषराव म्हणाले आणि फोन ठेवला. गाडी खिडकीतून दिसत होती.

सुंदराबाई संतापल्या. "सरळ नाई म्हनता येत नाई? तिथंबी थाप?"

शेषराव मोबाइलकडे पाहत बसले. मग त्यांनी तोच नंबर पुन्हा लावला. "विकली नाई. देत नाई," एवढंच म्हणाले.

बाईंनी कौतुकाचा एक शब्द काढला नाही. दोन शब्द बोलायला ज्याला सारा जन्म लागतो, त्याचं कौतुक कशाचं? विहारात महिलांची मीटिंग होती. त्यांनी पर्स घेतली, दारातल्या लांबलचक निळ्या धुडाला वळसा घातला आणि कोपऱ्यावरून ऑटो करून निघून गेल्या.