जावेच्या नळाचं पाणी

पाण्याची ती अफवा आमच्या गावात मी उठवली. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही.

आमची दोन घरं एकाच गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दोन अंगांना. नव्या योजनेची पाइपलाइन धाकट्या जावेच्या अंगणात आली आणि थांबली; आमची बाजू म्हणे दुसऱ्या टप्प्यात. ती नळाखाली हंडा लावून उभी राहायची आणि मी कळशी घेऊन विहिरीची वाट धरायची. तेवढं एक वेळ सोसलं असतं. पण नळ आल्यापासून बाई गुणगुणायला लागली. जिच्या कपाळावरची आठी मी पंधरा वर्षं पाहिली, ती भांडी घासताना गाणी म्हणते, मांजराशी बोलते, मला बघून हसते. माझा नुसता जळफळाट व्हायचा. नळ आला त्याच शिमग्याला भावोजी, म्हणजे तिचा नवरा, मुंबईची नोकरी सोडून कायमचे घरी आले होते. पण पुरुष घरी बसला की बाईचं काम वाढतं, हसू नाही, असं माझं पक्कं मत. माझे यजमान बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. तेव्हा हे मत तपासून बघायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

एकदा बचत गटात काजू सोलता सोलता मी बोलून गेले, "त्या नळाच्या पाण्यात कायतरी घालतात गो. नायतर आमची जाऊ अशी हसली असती?" बायका खिदळल्या. पण कुणाच्या तरी फोनवर तसाच एक मेसेज आला होता, की लोकांनी गप्प राहावं म्हणून पाण्यात गुंगीचं औषध मिसळतात. दोन्ही एकत्र झालं आणि आठवड्याभरात वाडीने नळाचं पाणी गुरांनाही देणं सोडलं. जाऊ तेवढी पीत राहिली आणि हसत राहिली.

ग्रामसभेत खडाजंगी झाली. आम्हाला न विचारता आमच्या पोटात औषध कसं घालता, हा लोकांचा सवाल होता आणि तो रास्तच होता. टाकीवरचे काका परोपरीने सांगत होते, "मी फकस्त क्लोरीनची पावडर घालतंय." सगळ्यांसमोर ते पेलाभर पाणी प्यायले. तो माणूस रोज तेच पाणी पितो आणि त्याला हसताना कुणी पाहिलेलं नाही. पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि मी आणून दिलं नाही. नमुना रत्नागिरीला तपासायला पाठवायचा, तोवर नळ बंद, असं ठरलं. मीही हात वर केला.

दोन दिवसांनी मी मुद्दाम लवकर विहिरीवर गेले. जाऊ तोंड पाडून येईल, ते मला डोळे भरून बघायचं होतं. ती आली, मागून भावोजी. तिच्या हातातला दोर त्यांनी घेतला. पाणी शेंदताना कालच्या बांगड्याच्या कालवणात मीठ दोनदा कुणी घातलं यावरून दोघांचं भांडण चाललं होतं, आणि भांडता भांडता ती इतकी हसली की तिला कठड्यावर बसावं लागलं. नळाचं पाणी तिच्या पोटात जाऊन दोन दिवस झाले होते.

"ताईंची कळशी पन भरा हो," ती म्हणाली.

"द्या वैनी."

"नको," मी म्हटलं. "माजी मी भरतंय."

कळशी कमरेवर घेऊन घरी आले, ती खाली ठेवली आणि पदरात तोंड खुपसून रडले.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. पाणी शुद्ध, औषध वगैरे काही नाही. गावाचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नाही. पुढच्याच महिन्यात आमच्या अंगणातही नळ येणार होता. पाण्यात खरंच काही घातलेलं असतं, तर ते माझ्याही वाट्याला आलं असतं.